आधी अक्षर, मग रेघ

नव्या गावात उतरल्यावर लोक आधी चहा शोधतात, मी पाट्या वाचते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, देणगीदारांच्या, अगदी सार्वजनिक मुतारीवरच्यासुद्धा. इस्तंबूलमध्ये बरोबरची मंडळी घुमटांचे फोटो काढत होती आणि मी एका आटलेल्या पाणपोईसमोर उभी होते. पाणपोईवर अरबी वळणातली तुर्की, शेजारच्या बँकेवर रोमन तुर्की. १९२८ साली तिथल्या सरकारने लिपीच बदलली आणि दोन पिढ्यांत पणजोबांचं थडगं वाचायला जाणकार बोलवायची वेळ आली. तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास वाचत बसले, तोवर गाभारा बंद झाला. चोळांच्या तमिळ लेखांच्या शेजारी ती मराठी उपरी वाटते, पण हटून बसलेली. देवाचं दर्शन राहिलं याची खंत बरोबरच्यांना वाटली, मला नाही.

पुरातत्त्ववाल्यांना जमीन खणावी लागते. माझं मान वर करून भागतं.

अशा बाईने मुद्दाम जावं असं पलसाण्यात काही नाही. माझा भाचा तिथल्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये आहे, त्याच्याकडे राहून सुरत पाहायची, एवढाच बेत होता. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला हजीऱ्याकडून बारडोली, व्यारा, सोनगड करत धुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे छेदतो, ते हे पलसाणा. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला साड्यांचं कापड रंगवणाऱ्या गिरण्यांची धुराडी, मध्ये ट्रक. हवेला कोळशाचा आणि कसल्याशा रसायनाचा वास. भाचा म्हणाला, सवय होते. मला सवय होईपर्यंत राहायचं नव्हतं.

मात्र जुन्या कागदांत पलसाणा वेगळं भेटतं. ते बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातलं तालुक्याचं ठिकाण होतं, म्हणजे गायकवाडी. पलीकडची बारडोली इंग्रजांची, अलीकडचं पलसाणा महाराजांचं, अशी या भागात मुलखांची सरमिसळ होती. आणि उत्तरेला काही कोसांवरचं कामरेज तर या सगळ्यांहून जुनं. चालुक्यांच्या ताम्रपटांत ते ‘कार्मणेय’ म्हणून येतं. आज ते टोलनाक्यामुळे माहीत. भाच्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि सांगितल्यावरही त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

सुरतेला जाण्यामागे माझं खरं कारण भीमजी पारेख हे होतं. अ. का. प्रियोळकरांच्या पुस्तकात त्यांची हकिकत वाचल्यापासून हा माणूस डोक्यातून गेला नव्हता. हे इंग्रज वखारीचे सुरतेतले दलाल. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापावेत असं मनात येऊन त्यांनी १६७० च्या सुमाराला कंपनीकडे मुद्रक मागितला. कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक छापखान्यासह मुंबईला पाठवला. आल्यावर कळलं की गृहस्थांना छापता येतं, पण देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नाहीत. मग भीमजींनी आपलीच माणसं कामाला लावली, आणि जानेवारी १६७६ मध्ये सुरतेच्या इंग्रजांनी विलायतेला कळवलं की वाणियाशाई अक्षरांत छापलेले काही कागद आम्ही पाहिले, फार चांगले दिसतात. त्यातला एक कपटाही आज उपलब्ध नाही. ज्यांनी ती अक्षरं कापली ते लोक कोण, सोनार की शिक्के पाडणारे, त्यांना वाचता येत होतं की नाही, हे कुणी लिहून ठेवलं नाही. सुरतेत त्यांचा माग लागेल असं मला का वाटलं कोण जाणे. हिऱ्यांचे कारखाने दिसले, साड्यांचे बाजार दिसले. भीमजींच्या नावाची पाटी मला कुठे दिसली नाही.

बाकीची सुरत भराभर झाली. किल्ल्याच्या फारसी लेखात बांधणीचं साल दडवलंय. प्रत्येक अक्षराची एक किंमत, सगळ्यांची बेरीज केली की हिजरी ९४७ निघतं, म्हणजे इसवी १५४०-४१. ओळीचा आशय असा की ही इमारत फिरंग्यांच्या छातीवर बसो. बेरीज स्वतः करून पाहायची होती, पण ऊन होतं आणि भाच्याने घड्याळात पाहणं सुरू केलं होतं. दुपारी लोचो खाल्ला. फसलेल्या ढोकळ्यावर तेल आणि शेव घातली की त्याचं वैशिष्ट्य होतं, हे फक्त सुरतकरांनाच सुचू शकतं. डाळ गोड होती. त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

छातीवर किल्ला बसलेल्या त्या फिरंग्यांनंतर आलेले फिरंगी कतारगाम दरवाजाजवळ निजलेले आहेत. इंग्रजांच्या दफनभूमीतलं सर्वांत भपकेबाज थडगं ऑक्झेंडन बंधूंचं, दुमजली आणि घुमटाचं. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ साली गेला, थोरला सर जॉर्ज १६६९ साली. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा वखारीचा बंदोबस्त करून आत ठाण मांडून बसला तो हाच जॉर्ज ऑक्झेंडन. त्याच्या धैर्याचं इंग्रजांनी फार कौतुक केलं. मी नाशिकची. माझं कौतुक दुसरीकडे आहे.

पुढे डचांना हे थडगं सलू लागलं आणि त्यांनी आपला व्हान रीड मेला तेव्हा ऑक्झेंडनांच्या वरताण इमारत उभी केली, असं सांगतात. या चढाओढीत मी डचांच्या बाजूची, ते मात्र थडग्यापायी नाही. हेन्ड्रिक व्हान रीड हा मलबारातला डच अधिकारी. त्याने तिथल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. शेवटचा खंड निघण्याआधीच, डिसेंबर १६९१ मध्ये, सुरतेकडे येताना व्हान रीड जहाजावर वारला. मजकूर लॅटिन, पण चित्रांवर झाडाचं नाव रोमनबरोबर मल्याळी, अरबी आणि नागरी अक्षरांतही. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. आपण मराठी छपाईची गोष्ट सांगताना १८०५ च्या केरीच्या व्याकरणापाशी सुरुवात करतो. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी, भीमजी सुरतेत खटपट करत होते त्याच दशकात, आपली अक्षरं ॲम्स्टरडॅमच्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरली जात होती. त्या पानांचे फोटो मी फोनमध्ये घेऊनच गेले होते. थडग्यासमोर उभी राहून पाहिले. भाचा कबुतरांचे फोटो काढत होता.

एवढं होऊनही ही सफर मी लिहायला घेतली नसती.

परतताना पलसाण्याच्या चोकडीशी भाच्याला गाडीच्या टायरमध्ये हवा भरायची होती. शेजारी ट्रकच्या बॉडीचं गॅरेज होतं. तिथे एक साठीचा माणूस तेलाचा डबा पालथा घालून ट्रकच्या मागच्या फळीसमोर बसला होता. त्याने खडू चोळलेलं सूत दोन टोकांना ताणून झटकलं. वर एक रेघ उमटली, खाली एक. मग डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून, काही न मोजता, त्याने गुजरातीत ‘आवजो’ लिहायला घेतलं. शेवटचा ‘जो’ फळीच्या कडेपाशी नेमका बसला. मी इतकी वर्षं पाट्या पाहत आले, पण पाटी होताना पाहायला थांबले नव्हते.

“मावशी, चल,” भाचा म्हणाला.

“तू हवा भर. आणि स्टेपनीतही भर.”

आमचं मराठी ऐकून त्या माणसाने मान वळवली. “कथाईन उनात, ताई?”

नाशिक, मी म्हटलं. तो अमळनेरकडचा निघाला. आमच्याशी बोलताना तो अहिराणी आणि मराठी यांच्या मधून चालत होता, गॅरेजवाल्याशी गुजराती, क्लीनरशी हिंदी.

“किती लिप्या लिहिता, भाऊ?”

“लिप्या-बिप्या माहीत नही. गुजराती, हिंदी, इंग्लिश. उर्दू थोडंसं, दर्ग्याचं काम आलं तर. आनि ओडिया.”

“ओडियाही येतं?”

“लिखता येस. वाचता येस नही.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. सुरत आणि आसपासच्या मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातली माणसं फार. त्यांच्या खाणावळी असतात आणि खाणावळवाल्यांना पाटी आपल्या अक्षरांत लागते. ते वहीच्या कागदावर मजकूर लिहून आणतात आणि हे भाऊ तो फळीवर मोठा करतात. एकदा दोन अक्षरांची वळणं उलटसुलट झाली. काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही, पण जेवायला येणारा प्रत्येक जण पाटी पाहून हसायचा. चौथ्या दिवशी मालकाने रंगाचे पैसे देऊन पुन्हा लिहवून घेतली. “आजपावतो माले समजनं नही, काय लिखाई गेलं व्हतं.”

त्यानंतर त्यांनी मला जे सांगितलं ते मला लिपीवरच्या एकाही पुस्तकात सापडलेलं नाही. देवनागरी सगळ्यांत सोपी, कारण तिला वरची रेघ आहे. आधी अक्षरं काढायची, शेवटी रेघ. एखादं अक्षर वर-खाली झालं तरी रेघ त्याला ओळीत धरते, चूक झाकली जाते. गुजरातीला झाकायला काही नाही. प्रत्येक अक्षर स्वतःच्या पायावर उभं, जरा कललं की लांबून दिसतं. नवा पोरगा शिकायला आला तर ते त्याला आधी गुजराती देतात. ते ज्याला साधलं त्याला हिंदी शिकवावी लागत नाही. इंग्रजीत फक्त ‘एस’ अवघड. आणि ओडिया?

“ओडियाच्या प्रत्येक अक्षराले छत्री आहे, ताई. छत्री आधी. छत्री सारखी आली की खालचं आपोआप उभं राहतं.”

ओडियाची ती गोलाई ताडपत्रामुळे आली असं म्हणतात. लोखंडी कंटकाने ताडपत्रावर सरळ आडवी रेघ ओढली तर पान तंतूच्या दिशेने फाटतं, म्हणून माथ्यावरची रेघ वाकली. हे मी त्यांना मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि विचारलं, “मग पत्र्यावर काब्र वाकाडतस?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चहा आला म्हणून निभावलं.

शाळेचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. आई-बाप खानदेशातून ऊसतोडीला यायचे. इथल्या साखर कारखान्यांना तोडीसाठी दिवाळीनंतर जोडप्यांच्या टोळ्या लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तसाच हिशेब आणि तशीच उचल मुकादमाकडून. ऊस संपेपर्यंत पडावावर राहायचं, पाचटाच्या खोपीत. पावसाळ्यापुरती गावातली शाळा, पुन्हा दिवाळी आली की पडाव. ते अक्षरं शिकले ती ऊस भरायला आलेल्या ट्रकांच्या मागच्या फळ्यांवरून. बैठक मारून राखेत तशीच गिरवायची. काय लिहिलंय ते ड्रायव्हर सांगायचा. म्हणून गुजराती वाचता येऊ लागली, मराठी अडखळत, बाकी नाही. पुढे एका पेंटरने डबे धुवायला ठेवून घेतलं.

मला सयाजीराव आठवणं भागच होतं. मालेगावजवळच्या कवळाण्यातून १८७५ साली बाराएक वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आणला, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. त्याच मुलाने पुढे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं, १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होई. म्हणजे पलसाण्यातही. त्याच पलसाण्याच्या शिवारात, संस्थानं जाऊन, स्वराज्य येऊन, साखर सहकारी झाल्यावर, खानदेशातलाच दुसरा मुलगा राखेत ‘आवजो’ गिरवत होता. मी हे बोलले नाही. बोलून त्यांचा हात थांबला असता.

मग मला सुचलं म्हणून फोनमधला होर्तुसचा फोटो दाखवला. पहिल्या खंडातलं माडाचं चित्र, वरच्या कोपऱ्यात चार लिप्यांत नावं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन जवळ धरला.

“नारळ.”

“हो. आणि ही अक्षरं?”

रोमन ओळ त्यांनी सोडून दिली. अरबीवर जरा थांबले. नागरीवर आले आणि बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.

“हे लिखेल नही. हे बघीसनी काढेल शे.”

कशावरून, मी विचारलं. त्यांनी करंगळीने दाखवलं. ज्याला अक्षर येतं त्याचा हात वळणावर वेग घेतो, रेघ तिथे बारीक होते. इथे वळणावर हात थांबलाय, पुढे कुठे जायचं ते कागदात पाहिलंय, मग निघालाय. सगळी रेघ एकाच जाडीची. काना आणि अक्षर यांच्यात अंतर पडलंय, कारण ते दोन्ही मिळून एक आहे हे काढणाऱ्याला माहीत नाही. “त्याले कोणी तरी कागदवर लिखीसनी दिन्हं व्हई. माझ्यासारखाच कोणी असेल. कुठला?”

“ॲम्स्टरडॅमचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा.”

“हात चांगला आहे,” ते म्हणाले आणि फोन परत दिला.

त्यांचं निदान बरोबरच असणार. डच कोरक्यासमोर मलबारातून आलेला कागद होता. त्यातल्या खुणांचा अर्थ त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. भीमजींची माणसंही अशीच असतील का? मिरजेला १८०५ मध्ये गीता छापली ती तांब्याच्या पत्र्यांवरून. ते कोरणाऱ्या तांबटांतल्या किती जणांना गीता वाचता येत होती? लिपीच्या इतिहासात आपण राजे मोजतो, पंडित मोजतो, मुद्रक मोजतो. कोरणारा हात मोजायची रीत नाही. चोळांच्या भिंतीसमोर मी तासभर उभी होते, पण पाथरवटाचा विचार मला तिथे शिवला नव्हता. तो पलसाण्याच्या चोकडीवर टर्पेंटाइनच्या वासात आला.

समोर फ्लेक्सचं दुकान होतं. माझं फ्लेक्सशी जुनं वैर आहे. वाढदिवसाच्या नेत्यांपेक्षा त्यांवरची तुटलेली जोडाक्षरं मला जास्त छळतात. भाऊंचं तसं काही दिसलं नाही. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने नेल्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी सरकारी पत्र्याने नेल्या, उरले ट्रक आणि खाणावळी. फ्लेक्सवाला त्यांच्याकडूनच अक्षरं तपासून घेतो, असं म्हणून ते हसले. ओडियासुद्धा? ओडियासुद्धा.

एव्हाना टायर भरून, स्टेपनी भरून, काच पुसून भाचा समोर येऊन उभा राहिला होता. त्याला भूक लागली होती. गॅरेजच्या मागे एका धुळेकराने नवी खाणावळ टाकली होती. तिचीच पाटी भाऊंच्या हातात पुढची होती. पिवळा रंग देऊन पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला. मालक पळतच आला, कारण मी शिकलेली बाई आहे हे त्याच्या कानावर गेलं होतं.

“मॅडम, खानदेश कसं लिहायचं? पुरा न का अर्धा?”

मी सुरुवात केली. दोन्ही रूपं प्रचारात आहेत, जुन्या छापील पुस्तकांत कोणतं दिसतं, उच्चाराला जवळचं कोणतं. दोघांनी आदराने ऐकून घेतलं. माझा कौल अर्ध्या ‘न’कडे होता आणि तो मी ठामपणे दिला. भाऊंनी वितीने पत्रा मोजला. अर्ध्या ‘न’ने जागा वाचत होती, तेवढ्यात शेवभाजीचा ‘श’ मोठा काढता आला असता. तरी त्यांनी मान हलवली.

“धंद्यानी पाटी शे. तोडेल अक्षर नको.”

मालकालाही ते पटलं. पाटी पुऱ्या ‘न’ने लिहायची ठरली, खाली बारीक गुजराती. भाऊंनी सूत झटकलं.

आत बसलो. शेवभाजी आली ती लाल तर्रीखाली बुडालेली, बरोबर कळण्याची भाकरी आणि ठेचा. सुरतेच्या त्या डाळीनंतर हे तोंडात पडलं आणि माझा मुक्काम वाढवायचा विचार पक्का झाला. भाच्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं गुजरातेत राहून त्याची जीभ गेलेली आहे. बाहेर ‘खा’ काढून झाला होता. मी अजून एक वाटी रस्सा मागवला.